पत : आपल्या हाती आणि सावकाराच्या वहीत

२०१९ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि तिचे यजमान तेव्हा घर घेण्याच्या खटपटीत होते. कुशल विचारून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुम्ही इतकी वर्षं बँकेत काढलीत, मला एवढं सांगा. माझ्या फोनवर माझा स्कोअर ७६१ दिसतो, आणि कर्ज देणारे म्हणतात ७१८. यातला माझा खरा कुठला?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या वेळी असे आकडेच नव्हते. तिच्या दृष्टीने प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. तिकडच्या गृहकर्जाच्या त्या वेळच्या तक्त्यात ७४० ही एक महत्त्वाची पायरी होती. तिच्या वरच्याला एक दर, आणि ७०० ते ७१९ च्या पायरीवर असलेल्याला त्याहून चढा. तीस वर्षांच्या कर्जात हा फरक सहज काही हजार डॉलरांवर जातो. फोनवरच्या आकड्यावर विसंबून तिने घराचा हिशेब मांडला होता, आणि तो आता चुकला होता.

पुढे निवांतपणी मी या प्रश्नाच्या मागे लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की एकाच माणसाच्या पतीचे दोन आकडे असणे ही संगणकाची किमया नाही. तिचे मूळ फार जुने आहे, आणि ते 'वही कोणाची' या प्रश्नात आहे.

आम्हां वडोदेकरांना पेढी आणि पत यांचे नाते नव्याने सांगायला नको. हरिभक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्या खुद्द गायकवाड सरकारला कर्ज देत. १८०२ साली अरब शिबंदीचा तुंबलेला पगार भागवून तिला शहराबाहेर काढायचे ठरले, तेव्हा एकट्या दरबाराच्या शब्दावर काम भागेना. इंग्रज कंपनीने हमी घेतली आणि पेढ्यांनी पैसा सोडला. या हमीला 'बहांदरी' म्हणत, आणि पुढे तिने राज्याच्या कारभारात इंग्रजांचा पाय कसा रोवला हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच सांगायचे की दरबाराची पत किती हे दरबार ठरवीत नव्हता. ती पेढीवर ठरत होती, आणि पेढीच्या वहीत काय लिहिले आहे ते सरदारालाही दिसत नसे.

राजाची ही स्थिती, मग कुणब्याचे काय विचारावे? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. या दंगलीचे, म्हणजे ज्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात त्यांचे, वैशिष्ट्य असे की जमावाला मुख्यतः कागद हवे होते. रोखे, खतपत्रे, हुकूमनामे हाती लागले की त्यांची होळी होई. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागत नसे. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यावर काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नाही, त्या कागदाची ती भीती होती. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याची चर्चा बहुधा न्यायालयांच्या अधिकारांपुरती होते. परंतु त्यात तीन साधी कलमे होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटतात. शेतकऱ्याने पैसे भरले की सावकाराने लेखी पावती द्यायची. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा द्यायचा. आणि शेतकऱ्याने मागितले तर त्याच्या पासबुकात हिशेब मांडून द्यायचा. ऋणकोला वहीत डोकावण्याचा हक्क कायद्याने दिला तो असा. व्यवहारात ही कलमे किती पाळली गेली हा प्रश्न निराळा. निरक्षर माणसाच्या हाती पासबुक देऊन सावकार काय करील हे सांगण्याची गरज नाही.

आता आपण अमेरिकेकडे वळू, कारण भाचीचा आकडा तिथल्या परंपरेत जन्मला आहे. सुप्याच्या दंग्याआधी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लुईस टॅपन हा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी. गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांत त्याची गणना होई, आणि 'आमिस्ताद' जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी त्याने जिवाचे रान केले. १८३७ च्या मंदीत त्याची पेढी बुडाली, कारण माल उधारीवर नेणारे दूरगावचे दुकानदार पैसे देईनात. या अनुभवातून १८४१ साली त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावच्या वकिलांना बातमीदार नेमून प्रत्येक दुकानदाराची माहिती मागवायची, ती मोठमोठ्या चोपड्यांत उतरवायची, आणि वर्गणी भरणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला ती कार्यालयात बोलावून वाचून दाखवायची. कारकून वाचणार, व्यापारी ऐकणार. ज्याच्याविषयी लिहिले आहे तो दुकानदार या बैठकीत कोठेच नाही. त्या चोपड्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत. संख्या सुमारे अडीच हजार. त्यांत भांडवलाच्या आकड्यांबरोबरच माणूस दारू पितो का, बायको कशी आहे, सासरा पैसेवाला आहे का, असल्या नोंदीही आढळतात. आपल्याकडे मुलीला स्थळ पाहताना जी चौकशी होते, तीच ही, फक्त शाईने लिहिलेली.

ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या बिअर्ड्स्ले बंधूंना आपल्याविषयी काय लिहिले गेले याचा सुगावा लागला. घरातील स्त्री घटस्फोट आणि पोटगी मागणार असल्याने मालमत्ता हलवली जात आहे, असा तो मजकूर होता. त्यांनी बदनामीचा दावा लावला. बातमीदाराचे नाव सांगण्यास नकार दिल्याबद्दल टॅपनचा भागीदार बेंजामिन डग्लस याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. पण नाव त्याने सांगितले नाही. १८५१ साली ज्यूरीने दहा हजार डॉलरांची भरपाई दिली. १८७० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. टॅपन गुलामांच्या बेड्या तोडायला निघालेला माणूस, आणि त्याच्याच हातून माणसाला दिसू नये अशी त्याचीच वही तयार व्हावी, याचे मला अजून नवल वाटते.

टॅपनची ही संस्था पुढे आर. जी. डन याच्या नावाने चालली आणि १९३३ साली ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्धी संस्थेशी एकरूप होऊन 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' झाली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

व्यापाऱ्यांमागून सामान्य गृहस्थांची पाळी आली. १८९९ साली अटलांटा शहरात वुलफर्ड बंधूंनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. तिचे तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून टिपणे करीत. १९६० नंतरच्या दशकात या टिपणांची अमेरिकी संसदेत चौकशी झाली, फार आरडाओरडा झाला, आणि १९७० साली 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग' कायदा आला. त्या कायद्यातही ग्राहकाला आपल्या नोंदींचे केवळ 'स्वरूप आणि सार' कळण्याचा हक्क होता. कागद हाती मिळण्याचा नव्हे. सगळी नोंद दाखवण्याचे बंधन १९९६ च्या दुरुस्तीने आले. आणि गंमत अशी की त्याच दुरुस्तीत स्पष्ट म्हटले होते : पतगुणांक मात्र दाखवण्याची सक्ती नाही. (रिटेल क्रेडिट कंपनीने १९७५ साली नाव बदलले. आज ती इक्विफॅक्स.)

हा पतगुणांक आला कोठून? १९५६ साली कॅलिफोर्नियात बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी प्रत्येकी चारशे डॉलर घालून एक कंपनी काढली. जुन्या कर्जदारांपैकी कोणी फेडले आणि कोणी बुडवले याचा अभ्यास करून नव्या अर्जदाराला गुण द्यायचे, ही त्यांची कल्पना. १९५८ साली त्यांनी पन्नास वित्तसंस्थांना पत्रे लिहिली. उत्तर एकीचेच आले. पण कल्पना टिकली, आणि न्यायाच्या दृष्टीने तिच्यात गुणही होते. शाखाधिकाऱ्याच्या लहरीपेक्षा आकडा बरा. १९७४ साली अमेरिकेत कर्जाच्या बाबतीत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास कायद्याने मनाई झाली. तोवर तिकडेही विवाहितेची पत म्हणजे नवऱ्याची पत, असाच खाक्या होता. आकड्याला निदान मंगळसूत्र दिसत नाही. १९८९ साली तीनही अंकांचा तो सर्वसाधारण गुणांक, ज्याला फायको म्हणतात, बाजारात आला, आणि १९९५ पासून गृहकर्जाच्या व्यवहारात त्याने बैठक मारली.

पण हा आकडा सावकारासाठी होता. ज्याचा आकडा त्याला तो विचारता येत नसे. २००० सालच्या आरंभी 'ई-लोन' या कर्ज देणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना तो फुकट दाखवायला सुरुवात केली. हजारो लोक पाहू लागले. महिनाभरात वरून माहितीचा पुरवठाच तोडण्यात आला आणि खिडकी बंद पडली. मात्र लोकांनी एकदा पाहिले होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी आकडा दाखवण्याचा कायदा केला, तो २००१ च्या जुलैपासून अंमलात आला. २००१ सालीच फेअर-आयझॅक कंपनी स्वतः पैसे घेऊन ग्राहकांना आकडा विकू लागली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने वर्षातून एकदा नोंदींचा अहवाल विनामूल्य केला. आकड्याला मात्र 'वाजवी शुल्क' ठेवले. कर्ज नाकारताना ज्या आकड्यावरून नाकारले तो कळवण्याचे बंधन २०१० च्या कायद्याने घातले.

आणि येथे आपल्या विषयाचा गाभा आहे. दार उघडायचे म्हटल्यावर ज्यांच्याकडे नोंदी होत्या त्या कंपन्यांनी ग्राहकांसाठी आकडे तयार केले. काही केवळ शिकवणीसाठी. कोणताही सावकार ते वापरत नसे. २००६ साली इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांनी मिळून 'व्हँटेजस्कोअर' नावाचे निराळे गणित बाजारात आणले. फोनवर फुकट दिसणारा आकडा पुष्कळदा या गणिताचा असतो. तो खोटा नसतो. नोंदी त्याच, पण गणित करणारा दुसरा.

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने याचा हिशेब लावला. तिन्ही कंपन्यांकडून प्रत्येकी दोन लाख लोकांच्या नोंदी मागवल्या आणि ग्राहकाला विकला जाणारा आकडा सावकाराला विकल्या जाणाऱ्या आकड्याशेजारी ठेवला. बहुतेकांचे जुळले. परंतु साधारण पाचांतील एकाच्या बाबतीत दोन आकडे त्याला पतीच्या वेगवेगळ्या वर्गांत बसवीत होते. जानेवारी २०१७ मध्ये याच कार्यालयाने इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन यांना ग्राहकांना १ कोटी ७६ लाख डॉलरांहून अधिक परतावा आणि वर ५५ लाख डॉलर दंड भरायला लावला. विकलेला आकडा सावकारच पाहतात असा समज करून देणे हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होता.

आता भाचीचे ७६१ आणि ७१८. तिला मी कर्जवाल्यांनी दिलेला कागद पाठवायला सांगितला. त्यावर एक नव्हे, तीन आकडे होते : ७३१, ७१८, ७०२. तिन्ही फायकोचे, पण तीन वेगवेगळ्या नोंदणी कंपन्यांच्या नोंदींवर काढलेले, आणि तेही फायकोच्या जुन्या आवृत्त्यांनी. गृहकर्जाच्या बाजारात या जुन्या आवृत्त्याच रूढ होत्या. नवी गणिते आली तरी मोठ्या संस्था ती सहज स्वीकारत नाहीत. तिघांतला मधला घ्यायचा असा रिवाज, म्हणून ७१८. मोटारीच्या कर्जासाठी तिने अर्ज केला असता तर आणखी एक आकडा निघाला असता, कारण मोटार आणि क्रेडिट कार्ड यांसाठी फायकोची वेगळी गणिते असून त्यांची पट्टी ३०० ते ८५० नव्हे, २५० ते ९०० अशी आहे.

तरी चाळीस गुणांहून अधिक फरक कशाने? अहवाल मागवल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या आजारपणातले डॉक्टरांचे एक किरकोळ बिल जुन्या पत्त्यावर जात राहिले, आणि शेवटी वसुली कंपनीकडे गेले. कळताच तिने ते पूर्ण भरले होते. फोनवरचे गणित नव्या धाटणीचे. फेडून झालेली वसुली ते विचारात घेत नाही. गृहकर्जाची जुनी गणिते मात्र फेडलेल्या वसुलीलाही डाग समजतात. म्हणजे बिल एक, भरणा एक, नोंद एक. एका वहीत तो भूतकाळ होता आणि दुसरीत कलंक. पुढे जुलै २०२२ मध्ये तिन्ही कंपन्यांनी फेडलेली वैद्यकीय वसुली अहवालातून काढूनच टाकली. जुलै २०२५ मध्ये गृहकर्जासाठी व्हँटेजस्कोअरची नवी आवृत्तीही चालवून घेण्याची घोषणा झाली. भाचीला याचा उपयोग नव्हता. तिने चढ्या दराने कर्ज घेतले, आणि २०२१ साली व्याज उतरल्यावर ते बदलून घेतले. मधल्या दोन वर्षांचे जे गेले ते गेले.

हे सगळे परक्या देशाचे म्हणून सोडून देता आले असते. पण मी बँकेत असताना आम्ही काय करीत होतो? दुसऱ्या बँकेने एखाद्या खातेदाराविषयी विचारणा केली की आम्ही गोपनीय अभिप्राय लिहून देत असू. 'व्यवहार समाधानकारक. बँकेवर कोणतीही जबाबदारी नाही.' शब्द मोजके; पण 'समाधानकारक'च्या जागी 'बरे' लिहिले की वाचणाऱ्याला काय ते कळे. खातेदाराला कधीच कळत नसे. कायदाही आमच्या बाजूने होता : १९६२ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात पतविषयक माहिती गोळा करण्याचे प्रकरण घातले गेले, त्यात गुप्ततेचे कलम होते. मी स्वतः असे किती 'बरे' लिहिले असतील याची मोजदाद नाही. त्यांतले काही माझ्या ऐकीव मतावर लिहिले, हेही आता कबूल केले पाहिजे.

२००० साली मुंबईत सिबिल ही आपली पहिली पतमाहिती कंपनी स्थापन झाली. स्टेट बँक आणि एच.डी.एफ.सी. यांच्या जोडीला तिचे दोन परदेशी भागीदार होते : ट्रान्सयुनियन, आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट. टॅपनच्या चोपड्यांचा वंश एकशे साठ वर्षांनी असा मुंबईस पोहोचला. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशाने १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आकड्यासह संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळू लागला. अमेरिकेने अहवाल फुकट दिला आणि आकड्याला पैसे लावले. आपण दोन्ही दिले, हे आपल्या बाजूने नोंदवायला हवे. तरीही चार कंपन्या म्हणजे चार गणिते. फोनवर फुकट दिसणारा आकडा एकीचा असायचा, आणि बँकेच्या टेबलावरचा दुसरीचा.

भाचीच्या प्रकरणानंतर मी माझे स्वतःचे अहवाल मागवले. मला कर्ज नको होते, निव्वळ जिज्ञासा. एका कंपनीच्या अहवालात मी माझ्या नावाला 'राव' लावून होतो, दुसरीच्या अहवालात 'भाई' लावून. गुजरातेत तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांत हे नवे नाही. आमच्या शिधापत्रिकेवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. पण 'भाईं'च्या खाली एक शैक्षणिक कर्ज चालू दाखवले होते. ते कर्ज माझे नव्हे. २००९ साली एका नातलगाच्या मुलासाठी मी जामीन राहिलो होतो. मुलाने २०१४ सालीच ते फेडले, पेढेही आणून दिले. संबंधित बँकेने कर्ज बंद झाल्याचे कळवलेच नव्हते, आणि जामिनाची नोंद पाच वर्षे माझ्या नावावर बसून होती. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला कुठे आता कर्ज काढायचंय?" खरेच होते ते. तरी मी अर्ज केला, ना-देय दाखल्याची प्रत जोडली. महिन्याभरात एका कंपनीने नोंद मिटवली आणि माझा आकडा बत्तीसने वाढला. 'राव' या नावाने लिहिलेल्या अहवालात तो जामीन मुळातच नव्हता, त्यामुळे तिथे काहीच बदलले नाही. तिसऱ्या कंपनीकडून उत्तर आले की अर्जावरील नाव त्यांच्या नोंदीतील नावाशी जुळत नाही. कृपया ओळखीचा पुरावा पाठवावा.

तो मी पाठवला आहे. दोन्ही नावांचा.